चक्कर, कानातले खडे आणि फिजिओथेरपी

अबोली_

पहाटे कूस बदलली आणि छत फिरायला लागलं. छत, पंखा, खिडकी, सगळं एकाच दिशेला. पलंगाची कड घट्ट धरली होती तरी आपण खाली पडतोय असंच वाटत होतं. अर्ध्या मिनिटात थांबलं. उठून बसले तर पुन्हा तेच, आणि मग उलटी. पहिला विचार आला तो मेंदूत काहीतरी झालं असणार हाच.

पुढचे सात महिने थोडक्यात उरकते. रक्तदाब नॉर्मल, साखर नॉर्मल, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली, म्हणून गळ्यात पट्टा आला. (माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत ती झीज दिसते आणि त्यांना चक्कर वगैरे काही येत नाही, हे नंतर कळलं.) चक्करेच्या गोळ्या दिवसातून तीनदा. त्यांनी दिवसभर पेंग यायची आणि पहाटे कूस बदलली की छत फिरायचं ते फिरायचंच. मी तीन उशा लावून बसल्यासारखी झोपायला लागले. केस धुताना मान मागे टाकायची नाही, वरच्या फळीवरचं काही काढायचं नाही, उजव्या कुशीवर तर वळायचंच नाही. हे नियम कुणी सांगितले नव्हते, माझे मीच घालून घेतले होते.

मैत्रिणीने व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी, म्हणजे तोलाच्या त्रासावरची फिजिओथेरपी, सुचवली तेव्हा हसूच आलं. फिजिओ म्हणजे गुडघे, कंबर, खांदे. चक्करेशी त्यांचा काय संबंध?

तिथे पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. त्यातला पहिलाच: "चक्कर हा शब्द न वापरता सांगा, काय होतं?" मी गप्प. सात महिने मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होते, 'चक्कर येते'. मग त्यांनीच फोड करून विचारलं. भोवतालचं गरगरतं का? की डोळ्यांपुढे अंधारी येते? की होडीत उभं असल्यासारखं हलतं? की डोकं ठीक असतं पण पाय भलतीकडे पडतात? किती वेळ टिकतं: सेकंद, मिनिटं, तास की दिवस? काय केलं की सुरू होतं? ऐकू कमी येतं का, कानाला दडे बसतात का, आवाज येतो का?

माझी उत्तरं: गरगरतं, मिनिटाच्या आत थांबतं, उजवीकडे वळलं की हमखास, कान ठणठणीत.

मग मला पलंगावर बसवून मान उजवीकडे अर्धी वळवली आणि तशीच झपकन उताणं केलं, डोकं पलंगाच्या कडेपलीकडे जरा खाली. "डोळे मिटू नका, मला तेच बघायचेत." चारपाच सेकंद काही नाही. मी म्हणणार होते की आज नाही होत, तेवढ्यात सुरू झालं. त्यांनी फोनवर डोळ्यांचं चित्रण केलं होतं, ते नंतर दाखवलं. बुबुळं वरच्या दिशेने झटके देत होती आणि देता देता गोल पीळ घेत होती. विसाव्या सेकंदाला शांत. सात महिन्यांत मला झोपवून माझे डोळे कुणी बघितले नव्हते.

त्यानंतर तिथल्या तिथे उपचार. तसंच उताणं असताना डोकं सावकाश डावीकडे, मग सगळं अंगच डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग पाय खाली सोडून उठून बसायचं. प्रत्येक अवस्थेत अर्धा मिनिट किंवा गरगर थांबेपर्यंत. याला एप्ली मनूव्हर म्हणतात. दहा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा थोडंसंच आलं, म्हणून एकदा आणखी केलं. त्या रात्री एका उशीवर झोपले, उजव्या कुशीवर.

इथे आणखी कुणी यातून गेलंय का? आणि याची माहिती असलेलं कुणी असेल तर नेमकं काय होतं ते समजावून सांगा. मला "खडे सरकले" एवढंच कळलंय.

निमूट

वाचतोय. माझी चक्कर वेगळी होती, सवडीने लिहितो.

कानसेन

मी हीच फिजिओथेरपी करतो, म्हणून जरा विस्ताराने.

आतल्या कानात तोलाची दोन खाती आहेत. एक सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखणारं, दुसरं डोकं वळल्याचं ओळखणारं. पहिल्यात एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. 'खडे' म्हणतो आपण, पण आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. दुसरं खातं म्हणजे प्रत्येक कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, द्रवाने भरलेल्या. वाढत्या वयात, डोक्याला मार लागल्यावर, कानाच्या एखाद्या आजारानंतर किंवा काहीही कारण नसताना हे कण सुटतात आणि भलत्या खात्यात, म्हणजे नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली असते.

आता तुम्ही आडवे झालात की कण नळीतून खाली घरंगळतात आणि द्रव ओढला जातो. मेंदूला निरोप जातो की डोकं फिरतंय. डोळे म्हणतात, नाही बुवा. या भांडणाचं नाव चक्कर. कण हलायला आणि द्रवाला ओढ बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून अबोली यांना ते चारपाच सेकंद मिळाले. तळाशी पोचले की निरोप थांबतो, म्हणून मिनिटाच्या आत सगळं शांत. मेंदूच्या आजारातली डोळ्यांची हालचाल सहसा अशी उशिरा सुरू होऊन विझत नाही, त्यामुळे ते चारपाच सेकंदसुद्धा निदानाचा भाग असतात.

आणि डोळेच का बघायचे? कारण प्रत्येक नळी डोळ्यांच्या ठरावीक स्नायूंना जोडलेली आहे. बुबुळं कुठल्या दिशेने उडतात त्यावरून कुठला कान आणि कुठली नळी ते कळतं. यात एमआरआयचा उपयोग नाही, कण त्यात दिसतच नाहीत.

अबोली यांची झाली ती डिक्स-हॉलपाइक चाचणी. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडलेली. एप्ली हे अमेरिकेतले कानाचे डॉक्टर, त्यांचा लेख १९९२ चा. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते हे सुरुवातीला सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. चाचणी आणि उपाय यांच्यात चाळीस वर्षं गेली.

या आजाराला बीपीपीव्ही (बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो) म्हणतात, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की झटक्याने येणारी, पण जिवाला धोका नसलेली चक्कर. चक्करेच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. त्या मळमळीवर थोड्या चालतात, बास. कण नळीत आहेत तिथेच राहतात.

रानफूल२

हे तर सोपं आहे की! यूट्यूबवर एप्लीचे ढीगभर व्हिडिओ आहेत. उगाच कशाला कुणाकडे जायचं?

तिरपागडे

रानफूल, थांबा. मी तेच केलं होतं. डाव्या बाजूने चार दिवस, मग उजव्या बाजूने चार दिवस. फरक शून्य, उलट्या मात्र भरपूर. शेवटी तपासलं तेव्हा कळलं की माझे कण आडव्या नळीत आहेत. त्यावर एप्ली चालतच नाही. तिची चाचणीही निराळी: उताणं झोपवून डोकं झटकन एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. माझे डोळे दोन्हीकडे आडवे उडत होते, डावीकडे वळल्यावर जास्त जोरात. मग पोळपाटावर लाटणं फिरवावं तसं मला पलंगावर उजवीकडे लोळवत पूर्ण एक फेरी मारली, नव्वद नव्वद अंशांनी. दोन भेटींत मोकळा. त्या आठ दिवसांच्या यूट्यूबी तपश्चर्येची आठवण निघाली की घरचे अजून हसतात.

कानसेन

तिरपागडे यांनी माझं काम केलं. एकदा कान आणि नळी पक्की कळली, फिजिओने समोर करून घेतलं, की घरी करायला आम्हीच शिकवतो. आधी नाही. मानेचं ऑपरेशन झालेलं, संधिवाताने मान कमकुवत झालेली, डोळ्याच्या पडद्याचा नुकताच त्रास झालेला असेल तर पद्धत बदलावी लागते, तेव्हा तर नाहीच नाही.

जाता जाता: एप्लीनंतर दोन दिवस बसून झोपा, वाकू नका, असं पूर्वी सांगायचे. त्याने विशेष काही साधत नाही असं दिसल्यावर अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बंधन काढून टाकायला सांगितलं. तरी अजून बरेच जण सांगतात.

निमूट

माझी गोष्ट. सकाळी उठलो तेव्हा फिरत होतं, दुपारी फिरत होतं, दुसऱ्या दिवशीही फिरतच होतं. पडून राहिलं तरी. तिसऱ्या दिवशी भिंत धरून मोरीपर्यंत जाता आलं. ऐकू नीट येत होतं. निदान: व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे तोलाच्या मज्जातंतूला सूज, बहुधा विषाणूमुळे. एका कानाकडून निरोप जवळजवळ बंद.

इथे कण नाहीत, त्यामुळे एप्लीचा संबंध नाही. इथे मेंदूला एका कानावर संसार करायला शिकवावं लागतं. फिजिओने दिलेला पहिला व्यायाम बघून मी चिडलो होतो. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर रोखायची आणि डोकं 'नाही नाही' म्हटल्यासारखं हलवायचं. अक्षर पुसट झालं की वेग कमी. एकेक मिनिट, दिवसातून चारपाच वेळा. बास? याने काय होणार?

पहिल्या दिवशी वीस सेकंदांत घाम फुटला.

मग उभं राहून, मग पाय जुळवून, मग जाड फोमवर, मग डोळे मिटून फोमवर (हा सगळ्यात वाईट, कारण डोळे गेले, तळव्यांची जाणीव गेली, उरला तो आजारी कान). मग चालता चालता डावीउजवीकडे बघणं. सहाव्या आठवड्यात रस्ता ओलांडताना मान वळवून गाड्या बघितल्या आणि पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की जग हललं नाही.

दोन गोष्टी आधी कळायला हव्या होत्या. एक, गोळ्या पहिले दोनतीन दिवस ठीक, मी पाच आठवडे घेतल्या. त्या तोलाचे निरोपच दाबतात, मग मेंदू शिकणार कशावरून? दुसरी, व्यायामाने थोडी चक्कर आलीच पाहिजे. अजिबात आली नाही तर तो व्यायाम तुमच्यासाठी सोपा झालाय. मात्र आलेली पंधरावीस मिनिटांत बसली पाहिजे. दिवसभर राहिली तर जास्त झालं. मी हा हिशेब वहीत लिहायचो.

कानसेन

निमूट, वही ठेवणारे रुग्ण आम्हाला फार आवडतात.

या व्यायामांचं मूळ १९४० च्या दशकातलं आहे, इंग्लंडमधलं. कॉथॉर्न हे कानाचे शल्यचिकित्सक आणि कुक्सी हे शारीरिक पुनर्वसनाचे डॉक्टर. डोक्याला मार लागलेले आणि कानाचं ऑपरेशन झालेले रुग्ण पडून राहिले की मागे पडतात आणि हालचाल करणारे लवकर सावरतात हे बघून त्यांनी डोळे, मान, धड, चालणं अशा चढत्या क्रमाने व्यायाम बसवले. आज आम्ही सगळ्यांना एकच यादी देत नाही, तपासणीत जे अडेल त्यावर देतो. पण कणा तोच.

शेवटचा_बाक

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट आत्ताच लिहितो, नाहीतर वाचणारे प्रत्येक चक्कर कानाची समजतील.

वडिलांना अचानक गरगरायला लागलं, उलट्या झाल्या. आम्ही म्हटलं कानाचं असेल, झोपू दे. उठवायला गेलो तर त्यांना उभंच राहता येईना. कानाच्या चक्करेचा माणूस सहसा भिंत धरून का होईना चालतो, हे बसल्या जागी एका बाजूला कलंडत होते. बोलणंही जरा जड. लहान मेंदूचा पक्षाघात होता. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं, दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये दिसलं. आम्ही पाच तास घालवले होते.

दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, चेहरा किंवा एक हात-पाय लुळा पडणं, आजवर कधी नव्हती अशी डोकेदुखी, आधाराशिवाय उभं न राहता येणं, एका कानाने अचानक ऐकू न येणं, शुद्ध हरपणं. यातलं काहीही असेल तर फिजिओ नाही, तडक इमर्जन्सी.

कानसेन

शंभर टक्के. यात भर म्हणून एक उलटं वाटणारं सांगतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णाची मान आम्ही हलकेच पण झटकन वळवतो आणि नजर समोर टिकते का ते बघतो. हेड इम्पल्स टेस्ट, हालमागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये मांडलेली. नजर सटकून परत आली तर कानाचा मज्जातंतू दुबळा. नजर पक्की टिकली, म्हणजे चाचणी 'नॉर्मल' आली, तर आम्हाला धसका बसतो. कान चांगला असूनही दोन दिवस गरगरतंय, मग बिघाड आत मेंदूत असू शकतो. ही चाचणी बीपीपीव्हीच्या रुग्णावर, चक्कर थांबलेली असताना करून अर्थ काढायचा नाही. आणि घरी कुणी कुणाच्या माना झटकू नका, कृपया.

दगडधोंडा

फिजिओ लोकांना प्रत्येक दुखण्यावर व्यायाम सुचतो, असा माझा अनुभव. मला मेनियर आहे, आतल्या कानाचा आजार. दोनतीन तास गरगर, कानाला दडा, सूंऽऽ आवाज, ऐकू कमी. सहा महिने मान हलवून काही झालं नाही.

कानसेन

तक्रार रास्त आहे. मेनियरचे झटके व्यायामाने थांबत नाहीत, ते काम कानाच्या डॉक्टरचं. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, व्हायला हवी होती. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तोल डळमळीत राहत असेल तर त्यापुरता व्यायामाचा उपयोग आहे, त्याहून जास्त आश्वासन कुणी देऊ नये. अर्धशिशीतून येणाऱ्या चक्करेचंही तसंच, आधी अर्धशिशी आटोक्यात आणायची. त्या चक्करेत डोकं दुखेलच असंही नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं ओळखूच येत नाही.

पायवाट

मला गरगरत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं, रोज, दीड वर्ष. मोबाइलवर भराभर वर सरकवलं, दुकानात मांडण्यांच्या रांगांमधून गेले की वाढतं. सुरुवात साध्या बीपीपीव्हीने झाली, तो बरा झाला, हे राहिलं. सगळे रिपोर्ट चांगले, म्हणून "मनाचं आहे" असं ऐकून घेतलं. याला नाव आहे हे मला अलीकडे कळलं: पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस). तीन महिन्यांहून जास्त टिकणारी चक्कर, निकष २०१७ मध्ये ठरलेत. मेंदू धोक्याच्या पवित्र्यातून बाहेरच येत नाही आणि तोलासाठी डोळ्यांवर नको इतका विसंबतो, असं मला समजावलं गेलं. सध्या फिजिओकडे हलत्या पट्ट्यांची चित्रं बघत उभं राहण्याचा सराव, शिवाय समुपदेशन. सावकाश पण फरक आहे. नाव मिळालं त्या दिवशी मी रडले होते.

अबोली_

पायवाट, एप्लीनंतर तीनेक आठवडे मलाही असं तरंगल्यासारखं व्हायचं. माझं चालण्याच्या व्यायामांनी गेलं. तुमचं वाचून कळतंय की ते रेंगाळू शकलं असतं.

गिरकी

आई ७६ वर्षांची आहे. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. गरगरत नाही म्हणते. गेल्या महिन्यात दोनदा पडली. हे फिजिओचं काम आहे का?

कानसेन

आधी रक्तदाब. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उत्तर तिथेच असू शकतं. रक्तदाबाच्या, झोपेच्या, लघवीच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतः काही बंद करू नका.

पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच वयस्कर माणसांना कण सुटले तरी गरगर जाणवत नाही. नुसतं "धड वाटत नाही" म्हणतात आणि पडतात. झोपवून डोळे बघायला हवेतच.

गिरकी

कालचं कळवते. झोपून वरचा आकडा १४६, उभं राहून ११८. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, दुसरीची वेळ रात्रीची केली. आणि फिजिओने डावीकडे झोपवल्यावर डोळे फिरले! आईला विचारलं गरगरलं का, तर म्हणाली, "थोडं झालं, पण ते तर दोन वर्षं होतंय."

तिरपागडे

दोन वर्षं!! आईंना साष्टांग.

रानफूल२

हे परत उद्भवतं का?

कानसेन

हो, बऱ्याच जणांना. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तपासून भरून काढावं, दक्षिण कोरियातल्या २०२० च्या एका मोठ्या चाचणीत कमतरता असलेल्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर पुन्हा येण्याचं प्रमाण घटलं होतं. परत आलं तर मागच्या वेळच्याच बाजूचं धरून चालू नका, कान बदलू शकतो.

अबोली_

बदलला. गुरुवारपासून डावीकडे. या वेळी तीन उशा लावल्या नाहीत. नवऱ्याला म्हटलं, फिरायला लागलं की दिवा लाव आणि डोळ्यांवर फोन धर. त्याने अख्खा मिनिटभर माझ्या नाकाचं चित्रण केलंय. सोमवारची वेळ मिळाली आहे. गोळी घेऊन जाऊ की न घेता?

कानसेन

डॉक्टरांना विचारून, चालण्यासारखं असेल तर आदल्या दिवसापासून न घेता. गोळीने डोळ्यांचे झटके दबतात, मग आम्हाला काही दिसत नाही. पोट हलकं ठेवा, परतताना स्वतः गाडी चालवू नका. आणि नवऱ्याला सांगा, कॅमेरा वितभर वर.